झाडीपट्टीच्या नाटकासाठी फिलिपिनी धाटणीचे पोस्टर हाताने कसे रंगवावे

भाऊबीज उलटली की पूर्व विदर्भात मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या चार जिल्ह्यांतल्या गावांत, रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम उघडतो. नाटक कंपन्यांचे ठाणे असलेल्या वडसा येथे जाऊन कंपनीची तारीख ठरवली, इसार दिला, की मंडळापुढे जाहिरातीचे काम उरते, आणि ते आता फ्लेक्सच्या दुकानात अर्ध्या तासात उरकले जाते. त्याचे फळ कोणत्याही तिठ्यावर पाहायला मिळते: एकाच आकाराचे बारा-चौदा चेहरे, त्यांच्यावर मान्यवरांच्या छायाचित्रांची रांग, पिवळ्या जमिनीवर पांढऱ्या कडेची लाल अक्षरे, आणि एवढे सगळे वाचूनही नाटक सुडाचे आहे की सासुरवासाचे, हे कळत नाही. या फलकावरच्या गर्दीला मी दोष देत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात रडणे, हसणे, लावणी, मारामारी आणि शेवटचा न्याय हे सगळे एकाच रात्रीत असते, तेव्हा त्याच्या पोस्टरवर गर्दी होणारच. दोष आहे तो त्या गर्दीला क्रम नसण्याचा. आणि हा क्रम लावण्यात ज्यांचा हात फार बसलेला होता ते फिलिपिन्समधले चित्रपटांची पोस्टरे रंगवणारे चित्रकार होत. त्यांच्याकडून काय घ्यावे आणि ते आपल्या मांजरपाटावर कसे उतरवावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

उदाहरण दूरचे वाटेल, पण नाते जवळचे आहे. तागालोग भाषेत दुकानाच्या वा थिएटरच्या फलकाला 'कारातुला', रंगवणाऱ्याला 'पिंतोर', नायकाला 'बिदा' आणि खलनायकाला 'कोंत्राबिदा' म्हणतात. हे शब्द स्पॅनिश अमदानीतून आले, जसा आपला 'पेंटर' इंग्रजांकडून आला. तिथला चित्रपट संगीत नाटकाच्याच मांडीवर वाढला. होसे नेपोमुसेनो यांनी १९१९ साली काढलेला 'दालागांग बुकिद', म्हणजे 'गावाकडची मुलगी', हा फिलिपिनो माणसाने केलेला पहिला कथापट हेर्मोहेनेस इलागान यांच्या 'सार्सुवेला'वर, म्हणजे गाण्यांच्या नाटकावर, आधारलेला होता, आणि मूकपट असल्यामुळे त्याची नायिका आतांग दे ला रामा पडद्याजवळ उभी राहून प्रत्यक्ष गात असे. पुढे या चित्रपटांना चित्रकथांच्या नियतकालिकांची साथ मिळाली. मार्स रावेलो यांची 'दार्ना' १९५० साली चित्रकथेत अवतरली आणि १९५१ मध्ये पडद्यावर आली. फ्रान्सिस्को कोचिंग यांच्याही अनेक चित्रकथांचे चित्रपट झाले. प्रेक्षकाने नायिकेला आधी शाईच्या रेषेत पाहिलेले असे आणि मग नटीच्या रूपात, त्यामुळे पोस्टर रंगवणाऱ्याला छायाचित्राची बरोबरी करून भागत नसे. रेषेतला आवेशही सांभाळावा लागे. मनिलाच्या आवेनिदा रिसाल या रस्त्यावरील चित्रपटगृहांच्या दर्शनी भागावर माणसाच्या कितीतरी पट मोठी अशी हाताने रंगवलेली चित्रे चढत. छापील ताडपत्री आली आणि तिथल्या पिंतोरांचे जे झाले, तेच आपल्या तालुक्याच्या गावांतल्या पेंटरांचे झाले.

कामाची सुरुवात ब्रशाने करू नये. नाटकाची संहिता किंवा निदान कथा ऐकून घ्यावी आणि ती एका वाक्यात कागदावर लिहावी: कोणी, कोणाचे, काय केले. या वाक्यातला कर्ता म्हणजे आपला बिदा, कर्म म्हणजे ज्याच्यावर आपत्ती आली तो, आणि क्रियापद म्हणजे पोस्टरच्या मधल्या भागात रंगवायचा प्रसंग. वाक्य दोन ओळींत मावत नसेल तर कथा आपल्याला अजून कळलेली नाही असे समजून लेखकाला पुन्हा विचारावे. लेखक त्रासला तरी हरकत नाही. कंपनीने पाठवलेल्या छायाचित्रांच्या गठ्ठ्यावरून परस्पर पोस्टर जुळवण्याची घाई मी एकदा केली होती. खलनायकाचे काम करणाऱ्या नटाचे छायाचित्र सर्वांत स्वच्छ होते म्हणून त्याला सर्वांत मोठी जागा दिली, आणि मंडईत आलेल्या बायाबापड्यांनी त्यालाच नायक धरले. नाटकात दुसऱ्याच अंकात त्याने बहिणीची जमीन लाटली तेव्हा समोरच्या ओळीतल्या एका आजीने मोठ्याने विचारले की हा असा कसा निघाला. तो प्रश्न मला होता.

फिलिपिनी पोस्टरांत वारंवार दिसणारी रचना अशी: वरच्या भागात एक-दोन मोठी डोकी, धड नसलेली, आकाशात तरंगणारी, त्यांच्या खाली प्रसंग, त्यात पूर्णाकृती माणसे धावतात, झगडतात, आलिंगन देतात, त्याच्याही खाली शीर्षक, आणि उरलेल्या फटींत दुय्यम पात्रांचे लहान चेहरे. पाहणारा आधी डोळे पाहतो, मग हात, मग अक्षरे, आणि हाच क्रम आपल्यालाही हवा आहे. मापांबाबत मी ३:२:१ हे प्रमाण पाळतो. बिदाचा चेहरा हनुवटीपासून केसांपर्यंत २७ इंच असेल तर कोंत्राबिदाचा १८ आणि इतरांचे ९ इंच. दुय्यम चेहऱ्यांत एखादा १० आणि एखादा १२ इंच करण्याचा मोह होतो, विशेषतः तो नट गावातला जावई असेल तर. तो टाळावा, कारण पाव भागाचा फरक लांबून कळत नाही आणि शिस्त मात्र मोडते. नजरांची दिशाही आधीच ठरवावी. बिदाने समोर, म्हणजे रस्त्याकडे पाहावे. कोंत्राबिदाने बिदाकडे पाहावे. बाकीच्यांनी मधल्या प्रसंगाकडे पाहावे. फ्लेक्सवर सगळेच कॅमेऱ्याकडे पाहत असतात आणि त्यामुळे ते एकाच नाटकातले न वाटता एकाच मतदारयादीतले वाटतात.

मधल्या प्रसंगासाठी कार्लोस 'बोतोंग' फ्रान्सिस्को यांची भित्तिचित्रे अभ्यासावीत. आंगोनो या तळ्याकाठच्या गावचा हा चित्रकार १९७३ साली फिलिपिन्सचा राष्ट्रीय कलावंत ठरला, आणि त्याने चित्रपटासाठीही काम केले होते. मनिलाच्या नगरसभागृहासाठी त्याने केलेल्या इतिहासाच्या मोठ्या चित्रमालिकेत शेकडो माणसे आहेत, पण ती एकमेकांवर आदळत नाहीत, कारण सगळी गर्दी नागमोडी प्रवाहासारखी एका बाजूने शिरून वळणे घेत पुढे जाते. वैनगंगेचे पात्र पुलावरून पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. कागदावर आधी एक मोठे नागमोडी वळण काढावे आणि माणसांच्या पाठीचे कणे, उगारलेले हात, पदर, बैलांच्या माना या सगळ्यांच्या दिशा त्या वळणाला जुळवाव्यात. वळणाचे वरचे टोक बिदाच्या हनुवटीखाली आणि खालचे टोक शीर्षकाच्या पहिल्या अक्षराशी पोचले की नजर आपोआप तिथे उतरते. हे कच्चे चित्र ६ × ८ इंचांच्या कागदावर करावे. हे माप मुद्दाम घेतले आहे, ते पुढे कळेल.

आता कापड. मांजरपाट, धुतल्यावर ३६ इंच पन्हा भरेल असा, साडेसहा मीटर घ्यावा, आणि शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावा, नाहीतर खळ लावताच तो आकसतो आणि चौकट वाकडी होते. त्याच्या साडेसहा फूट लांबीच्या तीन पट्ट्या आडव्या जोडाव्यात. तीन पन्ह्यांचे १०८ इंच होतात. दोन शिवणींत २ इंच आणि वर-खाली बांबू घालण्याच्या नेफ्यांत प्रत्येकी ५ इंच गेले की ९६ इंच, म्हणजे बरोबर ८ फूट उंची उरते, आणि दोन्ही कडांना ३ इंच दुमडल्यावर रुंदी ६ फूट राहते. पट्ट्या उभ्या जोडल्या तर शिवण हमखास नायकाच्या नाकावरून जाते, म्हणून आडवी जोडणी बरी; तिच्यामुळे वर चेहरे, मध्ये प्रसंग, खाली शीर्षक असे तीन भागही कापडानेच आखून दिले जातात. पहिली शिवण गळ्याच्या सावलीत आणि दुसरी धुळीच्या वा धुराच्या लोटात लपते. शिवण घालताना वरची पट्टी खालच्या पट्टीवर कवेलूसारखी चढवावी, म्हणजे पहाटेचे दव आत न मुरता ओघळून जाते.

कापड बांबूच्या चौकटीवर ताणून त्याला पातळ खळीचा एक हात द्यावा. एक वाटी मैद्याला आठ वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. पोस्टरे चिकटवणारी मंडळी खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात, त्यामुळे बुरशी व किडे लागत नाहीत. पण मोरचूद विषारी असतो, म्हणून स्वयंपाकाचे भांडे वापरू नये, मुलांना दूर ठेवावे आणि तयार पोस्टर शेळ्या-गुरांच्या तोंडाला लागणार नाही इतक्या उंचीवर टांगावे. खळीच्या वासाला शेळी किती लांबून येते, हे ज्याने निवडणुकीची पोस्टरे चिकटवली आहेत त्याला ठाऊक आहे. खळ वाळल्यावर काचकागदाने हलके घासून, निम्मे पाणी घातलेल्या पांढऱ्या इमल्शनचे दोन पातळ हात द्यावेत. जाड थर देऊ नये. गुंडाळताना तो तडकतो.

चित्र मोठे करण्याची रीत जुन्या बोर्ड पेंटरांचीच आहे आणि तिच्याहून सोपी रीत नाही. ६ × ८ इंचांच्या कच्च्या चित्रावर इंचाइंचाच्या चौकटी आखाव्यात, त्या ४८ होतील. कापडावर तितक्याच चौकटी, पण फुटाफुटाच्या, गेरूची पूड लावलेली दोरी ताणून टिचकी मारून उमटवाव्यात. इंचाचा फूट झाला, म्हणजे प्रत्येक माप बारापट झाले, आणि वेगळा हिशेब उरला नाही. ज्या चौकटींत डोळे, नाक आणि ओठ येतात तेवढ्याच पुन्हा चार-चार भागांत विभागाव्यात. सगळे चित्र बारीक चौकटींत विभागणारा माणूस चौकटी मोजण्यातच दमतो. रेखाटनासाठी बांधावरच्या तुरीच्या तुराट्यांचा कोळसा उत्तम. तो फडक्याने झटकला की निघून जातो, पेन्सिलीची रेघ मात्र पांढऱ्या इमल्शनमधून वर डोकावत राहते.

रंगांसाठी खर्च फार नाही. पांढरे इमल्शन हे सर्व फिकट रंगांचे मूळ धरावे आणि त्यात रंगाऱ्यांचे स्टेनर घालावे. परंतु स्टेनरमध्ये रंग धरून ठेवणारे चिकट द्रव्य नसते, त्यामुळे ते जास्त झाले तर रंग वाळत नाही आणि बोटाला लागतो. गडद लाल, गडद निळा आणि काळा हे म्हणून तयार ॲक्रिलिकच्या डब्यांतून घ्यावेत. पिवडी, गेरू आणि काजळी हे तीन जुने रंग इमल्शनमध्ये घोटून वापरता येतात, आणि पहिले दोन मातीचे व तिसरा काजळीचा असल्यामुळे उन्हात ते सहसा उडत नाहीत. चकाकणारा तेलरंग मोठ्या पोस्टरवर वापरू नये. दिवसा तो देखणा दिसतो, पण रात्री मंडपाबाहेरच्या दिव्याचा झोत पडला की नायकाच्या कपाळावर चंद्र उगवतो आणि अक्षरे दिसेनाशी होतात.

चेहरा हा या कामातला सर्वांत अवघड भाग, आणि तो छायाचित्र काढण्यापासूनच बिघडतो. नटाला दारात उभे करून, घरातले दिवे मालवून, कलत्या उन्हात चार-साडेचारच्या सुमारास छायाचित्र घ्यावे, म्हणजे एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला खरी सावली मिळते. समोरून फ्लॅश मारलेल्या चेहऱ्याला उंचसखल काहीच राहत नाही आणि त्याला मोठे करून उपयोग नसतो. रंगवताना तीनच छटा आधी सपाट भराव्यात: सावलीसाठी गेरूत थोडा निळा, मधल्या छटेसाठी पिवडी व गेरू यांत पांढरा, उजेडासाठी पिवडी व पांढरा. सावलीत काळा मिसळू नये, चेहरा मळलेला दिसतो. सीमारेषा ओल्या ब्रशाने लगेच पुसट करण्याची सवय बहुतेकांना असते; मी सांगेन की कानशिलाची आणि गालाची कड पुसट करावी, पण नाकाची, पापणीची आणि जबड्याची कड तशीच धारदार राहू द्यावी, कारण चित्रकथेतून आलेल्या फिलिपिनी पोस्टरांची जान त्या धारेत आहे. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. सावळ्या नटीला गोरी करू नये. लोक तिला दरवर्षी पाहतात, तिच्या आईवडिलांनाही ओळखतात. परशुराम खुणे यांच्यासारख्या झाडीपट्टीच्या नटाला २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा जो आनंद गावोगावी झाला, तो ओळखीच्या चेहऱ्याचा होता, आणि पोस्टरवर तोच चेहरा यायला हवा.

पाठीमागच्या उजेडाची युक्ती फर्नांदो आमोरसोलो यांच्याकडून घ्यावी. १९७२ साली फिलिपिन्सचा पहिला राष्ट्रीय कलावंत म्हणून ज्यांचे नाव जाहीर झाले, त्या या चित्रकाराने जाहिरातींचीही कामे केली होती. तिथल्या प्रसिद्ध जिन मद्याच्या बाटलीवरचे, सैतानाला तुडवणाऱ्या देवदूताचे लेबल त्यांचेच. १९२२ सालचे त्यांचे भातलावणीचे चित्र पुढे पोस्टरांवर आणि पर्यटनाच्या पुस्तिकांत खूप छापले गेले. आमच्याकडे ज्याला रोवणी म्हणतात तेच दृश्य, चिखलात वाकलेल्या बाया आणि डोंगरापाशी उजळलेले आकाश. त्यांच्या चित्रांत सूर्य बहुधा माणसांच्या मागे असतो, त्यामुळे अंगाचा मोठा भाग सावलीत राहतो आणि डोक्यावरच्या पदराला, खांद्याला, हाताच्या कडेला उजेडाची बारीक किनार येते. पोस्टरमध्ये या किनारीचे काम सौंदर्याइतकेच वाचनीयतेचे असते. जिथे गडद केस गडद आकाशावर येतात, किंवा एक चेहरा दुसऱ्यावर चढतो, तिथे अर्धा-पाऊण इंचाची फिकट नारिंगी किनार दिली की दोन्ही वेगळे होतात. फ्लेक्सवाले यासाठी प्रत्येक चेहऱ्याभोवती सर्व बाजूंनी पांढरी रेघ मारतात, आणि चेहरे कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसतात. किनार एकाच बाजूला द्यावी. बिदाला उबदार, म्हणजे नारिंगी वा पिवळी, आणि कोंत्राबिदाला थंड, म्हणजे निळसर हिरवी किनार दिली, तर एक अक्षर न वाचताही कोण कोणत्या बाजूचा हे कळते. किनार कशी पडते हे शिकायचे असेल तर कार्तिकात संध्याकाळी धानाच्या बांधीवर उभे राहून, पुंजणे रचणाऱ्या माणसांकडे सूर्य समोर ठेवून पाहावे.

दर दहा मिनिटांनी वीस पावले मागे जाऊन, डोळे किलकिले करून पोस्टर पाहणे हा कामाचाच भाग आहे. जागा अपुरी असेल तर मोबाइलवर छायाचित्र काढून ते नखाएवढे लहान करून पाहावे. त्या आकारात बिदाचे डोळे आणि शीर्षक दिसले नाही, तर पुढचे बारीक काम थांबवून आधी ते दुरुस्त करावे.

अक्षरांकडे येताना थोडे थांबावे लागेल, कारण इथे फिलिपिनी पोस्टराची हुबेहूब नक्कल केली तर फसगत होते. अक्षर आणि चित्र एकत्र बांधण्याची त्या देशाची परंपरा चित्रपटापूर्वीची आहे. एकोणिसाव्या शतकात मनिलाचे होसे ओनोरातो लोसानो 'लेत्रास इ फिगुरास' प्रकारची चित्रे काढत. गिऱ्हाइकाच्या नावाचे एकेक अक्षर माणसे, झाडे, होड्या आणि बाजारातले प्रसंग यांच्या मांडणीतून घडवलेले असे. विसेन्ते मनानसाला, जे पुढे राष्ट्रीय कलावंत झाले, ते पंधराव्या वर्षी एका रंगकामाच्या दुकानात पाट्या रंगवत चित्रकला शिकले. आपल्याकडे हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले त्याच जातीची ही गोष्ट. असा हात बसल्यामुळे तिथल्या पोस्टरांवरची शीर्षके नुसती लिहिलेली नसतात, ती जळतात, तडकतात, पुढे झेपावतात. पण रोमन अक्षर जमिनीवर उभे असते आणि देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. त्यांचा शब्द उजवीकडे चढवायचा तर ते तळरेषा तिरपी करतात. आपण शिरोरेषा तिरपी करावी आणि काने मात्र ओळंब्यात उभेच ठेवावेत. कानेही तिरपे केले तर शब्द पडतो आहे असे वाटते. घनाकृती जाडी दाखवायची असेल तर ती शिरोरेषेखाली आणि कान्याच्या एकाच बाजूला द्यावी. अक्षराच्या पोटातल्या फटींत ती शिरू देऊ नये, कारण 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांतला भेद त्या फटींतच असतो.

समजा शीर्षकात 'सूड' आणि 'सौभाग्य' हे दोन शब्द आहेत. पहिल्याचा ऊकार शिरोरेषेपासून फार खाली उतरतो, दुसऱ्याच्या मात्रा वर चढतात. दोन्ही एकाच ओळीत ठेवले तर वर-खाली दोन्हीकडे जागा वाया जाते. एकाखाली एक ठेवून 'सूड'चा ऊकार 'सौभाग्य'च्या 'भा' आणि 'ग्य' यांच्या वरच्या मोकळ्या जागेत उतरवला, तर दोन शब्द एकमेकांत गुंततात आणि अर्थही तसाच गुंततो. शिरोरेषा ही तर आपली खास सोय आहे. ती तलवारीचे पाते होऊ शकते, जळती दोरी होऊ शकते, घराचे आढे होऊ शकते. ज्या पोस्टरात नांगराचा इसाड मी शिरोरेषा म्हणून वापरला, ते मंडळाने अजून जपून ठेवले आहे. अशी करामत एका शीर्षकात एकच करावी. अक्षराच्या उंचीचा पाट्या रंगवणाऱ्यांचा ठोकताळा असा की दर दहा फूट अंतराला एक इंच. रस्त्यापलीकडून, म्हणजे शंभर फुटांवरून शीर्षक वाचले जायला हवे असेल तर अक्षराची उंची दहा इंच हवी. ही उंची शिरोरेषेपासून कान्याच्या टोकापर्यंत मोजावी. मात्रा आणि उकार धरून मोजली तर फसगत होते आणि अक्षर प्रत्यक्षात सहा इंचांचेच राहते.

नटांच्या नावांचा क्रम हा चित्रकाराचा प्रश्न नाही असे ज्याला वाटते त्याने एकदा पोस्टर लावून पाहावे. फिलिपिन्समध्ये नोरा ऑनोर आणि व्हिल्मा सान्तोस या दोन अभिनेत्रींच्या चाहत्यांनी १९७०च्या दशकापासून दोन तट पाडले आणि त्यांना 'नोरानियन' व 'व्हिल्मानियन' अशी नावेही पडली. आपल्याकडे नावे पडत नाहीत, फोन येतात. दोन सारख्या तोलाच्या नटांसाठी चित्रपटधंद्यातली जुनी युक्ती उपयोगी आहे: एकाचे नाव डावीकडे पण किंचित खाली, दुसऱ्याचे उजवीकडे पण किंचित वर, आणि अक्षरांची उंची तंतोतंत सारखी. डावीकडून वाचणाऱ्याला पहिले नाव पहिले वाटते, वरून पाहणाऱ्याला दुसरे. सर्व नावांची यादी मंडळाच्या सहीनिशी लिहून घ्यावी आणि रंगवण्यापूर्वी ती मोठ्याने वाचून दाखवावी. ऱ्हस्व-दीर्घाची चूक एक वेळ लोक पोटात घालतात, आडनावाची घालत नाहीत.

तारीख, वार, वेळ, स्थळ आणि तिकिटाचा दर मुख्य कापडावर रंगवू नयेत. त्यासाठी फूटभर उंचीची वेगळी पट्टी करून ती खालच्या बांबूला नाड्यांनी बांधावी. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पुढे ढकलला गेला, अवकाळी पाऊस आला किंवा कंपनीची तारीख बदलली, की फक्त पट्टी बदलावी लागते. आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावाने तेच नाटक आणले तर पोस्टर त्यांना भाड्यानेही देता येते.

लावण्याआधी परवानगीचा विषय मिटवावा. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा कायदा आहे आणि सार्वजनिक भिंत, विजेचा खांब किंवा एसटीचा निवारा यांवर परस्पर काही लावणे गुन्हा ठरू शकते. ग्रामपंचायतीकडून लेखी परवानगी घ्यावी, खाजगी भिंत असेल तर मालकाची घ्यावी. चित्रातल्या मर्यादेचाही विचार आधीच झालेला बरा. फिलिपिन्समध्ये १९८५ साली नेमलेल्या चित्रपट व दूरदर्शन मंडळाच्या कक्षेत चित्रपटाबरोबर त्याची जाहिरातही येते. आपल्या चौकात असे मंडळ बसत नाही, तिथे शाळेत जाणारी मुले असतात, म्हणून लावणीचे चित्र ठसक्याने काढावे, पण ते कमरेच्या हिसक्यात आणि डोळ्यांत असावे, उघड्या अंगात नव्हे. रक्ताबाबतही तसेच, कुऱ्हाड उगारलेली दाखवावी, पडलेली दाखवू नये. उगारलेली पाहून माणूस तिकीट काढतो.

टांगताना पोस्टर पूर्वेकडे तोंड करून लावले तर सकाळचे ऊन त्यावरचे दव लवकर वाळवते. पश्चिमेकडे तोंड केलेले कापड दुपारपर्यंत ओलसर राहते आणि काही दिवसांत खालच्या शिवणीपाशी फुगते. खालच्या नेफ्यात बांबूबरोबर मूठभर वाळूच्या दोन पुरचुंड्या दोन टोकांना घालाव्यात, म्हणजे वाऱ्याने कापड फडफडत नाही. फडफडणाऱ्या कापडाचा रंग आधी मधोमध तडकतो, आणि तिथे नेमका प्रसंग असतो.

नाटक झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, कापड पूर्ण वाळलेले असताना, ते उतरवावे. घडी कधीही घालू नये. जाड बांबूवर, रंगवलेली बाजू बाहेर ठेवून, सैल हाताने गुंडाळावे. रंग आत ठेवून गुंडाळला तर तो चुरगळून भेगा पडतात. मध्ये जुन्या सुती साडीचा एक फेर आणि कडुलिंबाचा वाळला पाला घालावा, आणि गुंडाळी धानाच्या ढोलीपासून दूर, आढ्याला दोन दोऱ्यांनी आडवी टांगावी, कारण खळ असलेल्या कापडाचा पत्ता उंदरांना लगेच लागतो.